भेदभावाची तक्रार आली : मालकाने पहिल्या दिवसापासून निकालापर्यंत काय करावे

तक्रारीचा मेल बहुधा संध्याकाळी येतो. मालक तो वाचतो, कपाळाला आठी पडते आणि तो मेल तसाच मॅनेजरकडे जातो, वर एक ओळ जोडून : "हे काय नवीन? हिचं पहिल्यापासून असंच आहे." दोन-अडीच वर्षांनी हीच ओळ न्यायालयात निशाणी, म्हणजे क्रमांक पडलेला पुरावा, म्हणून लागते आणि कंपनीच्या साक्षीदाराला उलटतपासणीत ती मोठ्याने वाचून दाखवावी लागते.

मालकपक्षाची कामे करताना माझे एक मत पक्के झाले आहे. भेदभावाच्या खटल्यात मालक अडकतो त्यामागे बहुधा एकच गोष्ट असते : निर्णय घेतला त्या दिवशी त्याचे कारण कुठेही लिहिलेले नसते. मग कारण नंतर शोधले जाते, आणि नंतर शोधलेले कारण न्यायाधीशाला लांबून ओळखू येते.

एक उदाहरण सोबत ठेवू. समजा तुमच्याकडे साठ माणसे आहेत. लेखा विभागातली एक वरिष्ठ सहायक बाळंतपणाची रजा संपवून परत आली. रजेच्या काळात बढती निघाली आणि तिच्यापेक्षा दोन वर्षांनी कनिष्ठ असलेल्या पुरुष सहकाऱ्याला मिळाली. विभागप्रमुख तिला म्हणाला, "वर्षअखेरीला रात्री थांबावं लागतं, तुला आता कुठे जमणार?" तिने लेखी तक्रार केली. इथून पुढे काय?

आधी कायदा कुठे आहे ते पाहा

आपल्याकडे खासगी नोकरीतल्या सगळ्या प्रकारच्या भेदभावाला एका छत्राखाली आणणारा कायदा नाही. संविधानाची कलमे १४ ते १६ मुख्यतः शासन आणि शासकीय संस्थांना बांधतात. "आम्ही खासगी आहोत, आम्हाला हे लागू नाही," असे म्हणणारे मालक इथेच फसतात, कारण खासगी मालकाला बांधणाऱ्या तरतुदी वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेल्या आहेत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता (वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा) अमलात आल्या. १९७६ चा समान वेतन कायदा आता वेतन संहिता २०१९ मध्ये सामावला आहे. एकाच किंवा सारख्या स्वरूपाच्या कामाला लिंगावरून वेगळे वेतन देता येत नाही, आणि भरती व नोकरीच्या अटींतही लिंगावरून फरक करता येत नाही. प्रसूती लाभ आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत : पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा, आणि त्या रजेच्या काळात कामावरून काढणे किंवा नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या करणे बेकायदा. घटना संहितांच्या आधीची असेल तर जुना कायदा लागू होईल की नवा, हे वकिलाकडून पहिल्याच भेटीत लिहून घ्या. या संक्रमणाच्या काळात चुकीच्या कलमाखाली उत्तर देणारे बरेच भेटतील.

बाकीचे थोडक्यात. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा, बोलीत पॉश कायदा. दिव्यांगांसाठी २०१६ चा हक्क कायदा. त्याखाली प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण प्रसिद्ध करावे लागते, आणि वाजवी सोय, म्हणजे काम करता यावे म्हणून लागणारा बदल, नाकारणे हाही भेदभावच धरला जातो. एचआयव्ही असलेल्या व्यक्तीला त्या कारणावरून नोकरीत डावलण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे. नोकरी देण्याआधी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ चा कायदा आहे. जातिवाचक अपमानाची तक्रार असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू शकतो. तो फौजदारी आहे, तिथे "आपण आपापसात मिटवू" ही भाषा तोंडातून काढू नका, थेट फौजदारी वकील गाठा.

आपल्या उदाहरणात मुख्य आधार वेतन संहितेचा. शिवाय औद्योगिक संबंध संहितेच्या अनुचित कामगार प्रथांच्या यादीत, गुणवत्तेकडे न पाहता एका गटाला झुकते माप देणे ही एक बाब आहेच. ती आधीच्या औद्योगिक विवाद कायद्यातही होती.

पहिले तीन दिवस : कागद गोठवा

उत्तर देण्याची घाई नको. पोच मात्र त्याच दिवशी द्या, दोन ओळींची : तक्रार मिळाली, अमुक व्यक्ती ती पाहत आहे, अमुक तारखेपर्यंत पुढचे कळवू. "गैरसमज झालेला दिसतो" असले काही त्यात नको. गैरसमज कुणाचा झाला, हे अजून तुम्हालाही माहीत नाही.

मग कागद. कोणते, ते नीट ठरवा :

तक्रारदाराची आणि ज्याला बढती मिळाली त्याची, दोघांचीही पूर्ण फाइल. मागच्या तीन वर्षांची मूल्यमापने. बढतीसाठी कुणाकुणाचा विचार झाला ती यादी, बैठकीची टिपणे, मेल. हजेरी, रजेचे अर्ज, पगारपत्रके. आणि व्हॉट्सॲप. सगळा खरा कारभार तिथेच चालतो आणि मोबाइल मात्र मॅनेजरच्या खिशात असतो. संबंधित मॅनेजरांना लेखी सांगा की या विषयाचा एकही संदेश पुसायचा नाही, गायब होणाऱ्या संदेशांची सोय बंद ठेवायची, फोन बदलायचा असेल तर आधी कळवायचे. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते, म्हणून ते लागणार असेल तर त्याच दिवशी उतरवून घ्या.

उतरवणे म्हणजे स्क्रीनशॉट काढून छापणे एवढेच नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याचे दोन भाग असतात, एक नोंद सादर करणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश मूल्यही (फाइलचा डिजिटल ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो) नोंदवायचे असते. हे काम तेव्हाच केले तर तासाभराचे आहे. दोन वर्षांनी, तो संगणक भंगारात गेल्यावर आणि आयटीवाला नोकरी सोडून गेल्यावर, ते जवळपास अशक्य होते.

आणखी एक सांगतो, कारण इथे चूक सर्रास होते. मागच्या तारखेचे कागद बनवू नका. "मूल्यमापनाचा फॉर्म भरायचा राहून गेला होता, आता भरून टाकू" असे कुणी म्हणाले तर त्याचा हात धरा. कागद नसणे ही अडचण आहे, पण बनावट कागदाने अख्खी बाजू बुडते. राहून गेलेली नोंद करायचीच असेल तर आजच्या तारखेने करा आणि आज का करतो आहोत तेही लिहा.

मॅनेजरचे म्हणणे हवे असेल तर ते मेलवर मागवू नका. वकिलाशी झालेल्या पत्रव्यवहाराला गोपनीयतेचे संरक्षण असते, एचआर आणि मॅनेजरमधल्या मेलांना नसते. आधी समोर बसून ऐका, तथ्यांपुरती टिपणे काढा, मते बाहेर ठेवा.

तक्रार कुठल्या वाटेने जाईल

हे ठरवायला शीर्षक नको, मजकूर वाचा. तक्रारीत "भेदभाव" लिहिलेले असते आणि तिसऱ्या परिच्छेदात शरीरावरून केलेल्या शेऱ्यांचा उल्लेख असतो. तसे असेल तर तो भाग पॉश कायद्याखालच्या अंतर्गत समितीकडेच गेला पाहिजे, एचआरला तो स्वतः हाताळण्याचा अधिकार नाही.

दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेत ही समिती असावी लागते : अध्यक्षस्थानी वरिष्ठ महिला, कर्मचाऱ्यांमधून किमान दोन सदस्य, एक सदस्य बाहेरचा, आणि एकूण सदस्यांत किमान निम्म्या महिला. समिती नसेल तर पहिल्या गुन्ह्याला ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पण खरा तोटा वेगळाच आहे. तक्रार आल्यानंतर घाईने बसवलेल्या समितीवर पुढे कुणाचाच विश्वास बसत नाही, तक्रारदाराचाही नाही आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचाही नाही.

तिथल्या मुदती पाठच करा. तक्रार घटनेपासून ३ महिन्यांत, समितीला योग्य वाटल्यास आणखी ३ महिने. ७ कामकाजी दिवसांत तक्रारीची प्रत समोरच्याला. त्याचे उत्तर १० कामकाजी दिवसांत. चौकशी ९० दिवसांत, अहवाल त्यानंतर १० दिवसांत, आणि मालकाची कारवाई ६० दिवसांत. या कार्यवाहीत वकील उभा करता येत नाही. समेट फक्त महिलेच्या विनंतीवरून, चौकशी सुरू होण्याआधी, आणि पैसे देऊन मिटवणे हा त्याचा आधार असू शकत नाही.

पण वेग म्हणजे घाई नव्हे. २०२३ मध्ये गोव्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फीचा आदेश रद्द केला. समितीने सुनावण्या इतक्या उरकल्या होत्या की समोरच्याला बाजू मांडायची खरी संधीच मिळाली नाही. प्रकरण पुन्हा समितीकडे गेले, तेही घटनेनंतर कित्येक वर्षांनी. म्हणजे तक्रारदारांनाही न्याय मिळाला नाही आणि संस्थेलाही सुटका नाही. सुनावणीची नोटीस, कागदांच्या प्रती, साक्षीदारांना प्रश्न विचारण्याची सोय, यांतले काहीही वाचवू नका.

आपल्या उदाहरणात छळाचा भाग नाही, तेव्हा वाट तक्रार निवारण समितीची. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगात ती औद्योगिक संबंध संहितेने सक्तीची आहे : मालक आणि कामगार यांचे समान प्रतिनिधी, जास्तीत जास्त १० सदस्य, महिलांचे पुरेसे प्रतिनिधित्व, आणि ३० दिवसांत निकाल. तक्रारदार कायद्याच्या अर्थाने "कामगार" आहे का हेही याच टप्प्यावर पाहा. मुख्यतः व्यवस्थापकीय काम करणारी व्यक्ती, किंवा महिना १८,००० रुपयांहून अधिक वेतनाचे पर्यवेक्षकीय काम करणारी, संहितेच्या व्याख्येबाहेर राहते. पदनामाला इथे काडीची किंमत नाही. व्हिजिटिंग कार्डावर "असिस्टंट मॅनेजर" आणि दिवसभर व्हाउचरच्या नोंदी, अशी व्यक्ती कामगारच ठरण्याची शक्यता मोठी.

तुलना : प्रकरणाचा गाभा

भेदभाव म्हणजे शेवटी तुलना. तिला मिळाले नाही, त्याला मिळाले, का? या "का"चे उत्तर देणारा तक्ता कोर्टात जाण्याआधी तुम्ही स्वतःच्या टेबलावर मांडायला हवा. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तो. नोकरीचा काळ, पात्रता, तीन वर्षांचे गुण, हाताळलेली कामे, इशारे, रजा. रजेचा रकाना भरताना थांबा. बाळंतपणाच्या रजेचे महिने जर "अनुपस्थिती" म्हणून गुणांतून वजा झाले असतील, तर तुमच्याविरुद्धचा पुरावा तुमच्याच एक्सेल फाइलमध्ये आहे.

मग हाच तक्ता मागच्या पाच वर्षांतल्या सगळ्या बढत्यांसाठी मांडा. हे कंटाळवाणे काम आहे आणि कुणालाच करायचे नसते. पण समोरचा वकील हेच करणार आहे. तुम्ही म्हणता ज्येष्ठतेपेक्षा गुणवत्ता पाहतो, आणि त्याआधीच्या चार बढत्या निव्वळ ज्येष्ठतेने दिलेल्या निघाल्या, तर हा नवा नियम नेमका या बाईपासूनच का सुरू झाला, याचे उत्तर तुमच्याकडे हवे.

मॅकिनन मॅकेन्झी या खासगी कंपनीविरुद्ध ऑड्री डिकॉस्टा हा १९८७ चा निकाल प्रत्येक मालकाने कुणाकडून तरी समजून घ्यावा. स्त्री लघुलेखकांना पुरुषांपेक्षा कमी वेतन मिळत होते. कंपनी म्हणाली, त्यांचे काम वेगळे आहे, त्या वरिष्ठ अधिकाऱ्यांशी जोडलेल्या गोपनीय लघुलेखक आहेत. शिवाय वेतन युनियनशी झालेल्या कराराने ठरले आहे. आणि परवडतही नाही. सर्वोच्च न्यायालयाने तिन्ही बचाव नाकारले. कामाचे नाव कोणतेही असो, प्रत्यक्षात काम काय आहे ते पाहायचे. करार कायद्याच्या वर नाही. आणि आर्थिक क्षमता हा बचावच नाही. आजही मालकांकडून हीच तीन वाक्ये ऐकू येतात, क्रमसुद्धा तोच असतो.

विभागप्रमुखाच्या त्या वाक्याचे काय? रात्री उशिरापर्यंत काम करायला स्त्री तयार आहे का, हे तिला विचारायचे असते. व्यावसायिक सुरक्षा संहितेनुसार संध्याकाळी ७ नंतर किंवा सकाळी ६ पूर्वी कामावर घ्यायचे तर तिची संमती लागते. विचारलेच नाही, स्वतःच ठरवून टाकले, तर बढती नाकारण्यामागे तिचे आईपण होते असाच अर्थ निघतो. विभागप्रमुख असे बोलला हे चौकशीत खरे निघाले तर ते नाकारत बसू नका. ते वाक्य चुकीचे होते, त्याला समज दिली, आणि बढतीचा निर्णय वेगळ्या समितीकडून पुन्हा तपासून घेतला, ही भूमिका न्यायालयात टिकते. "असे कुणी बोललेच नाही" ही भूमिका पहिल्या स्वतंत्र साक्षीदारापाशी कोसळते.

तक्ता मांडल्यावर कारण उरत नसेल तर इथेच थांबा. बढती द्या, पगारातला फरक द्या. पुढचे सगळे टप्पे यापेक्षा महाग आहेत.

तक्रारीनंतर तिच्याशी कसे वागता

मूळ तक्रार कमकुवत असूनही मालक अडचणीत येतो तो या टप्प्यावर. तक्रार आल्यावर महिनाभरात बदली, अचानक "कामगिरी सुधारणा योजना", बैठकांतून नाव गळणे, सात वर्षांत कधी न विचारलेला उशिराचा हिशेब. यातले काही खरोखर गरजेचे असेल तर तक्रारीच्या आधीपासून त्याचा मागमूस कागदावर असला पाहिजे. नसेल तर थांबा, किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार नाही अशा वरिष्ठाकडून निर्णय करवा आणि कारणे लिहवा. दोघांना वेगळे ठेवणे आवश्यक असेल तर हलवायचे कुणाला, याचा विचार करताना तक्रारदाराकडे सगळ्यात शेवटी बघा.

समेट अधिकाऱ्यापुढे (वाद मिटवण्यासाठी शासनाने नेमलेला अधिकारी) किंवा औद्योगिक न्यायाधिकरणापुढे वाद चालू असताना तर नोकरीच्या अटी बदलण्यावर आणि बडतर्फीवर कायद्याचेच निर्बंध येतात. त्या काळात एकही आदेश वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

कुणाला निलंबित करायचे असेल, समजा विभागप्रमुखालाच, आणि तो कामगाराच्या व्याख्येत येत असेल, तर निर्वाह भत्ता, म्हणजे निलंबनाच्या काळात द्यायचा वेतनाचा भाग, पहिल्या ९० दिवसांसाठी ५० टक्के आणि चौकशी कामगाराच्या दोषामुळे लांबली नसेल तर पुढे ७५ टक्के. हा भत्ता थकवून चालवलेली चौकशी पुढे टिकत नाही. कारणे दाखवा नोटीस, नेमके आरोपपत्र, त्रयस्थ चौकशी अधिकारी, कागदांच्या प्रती, उलटतपासणीची संधी, निष्कर्षांची प्रत आणि मगच शिक्षा : क्रम जुनाच आहे. आरोपपत्रात "वारंवार गैरवर्तन" असे गोळाबेरीज शब्द नकोत. तारीख, वेळ, जागा, वाक्य, साक्षीदार हवे.

प्रकरण बाहेर गेले तर

प्रथम कायदेशीर नोटीस येते. तिला उत्तर द्या, पण लहान. नोटिशीच्या उत्तरात दिलेले कारण पुढे बदलता येत नाही, निदान लाज राखून नाही. बडतर्फीच्या पत्रात "पुनर्रचना", नोटिशीच्या उत्तरात "असमाधानकारक काम" आणि कैफियतीत, म्हणजे न्यायालयातल्या लेखी उत्तरात, "विश्वासघात", अशी तीन कारणे झाली की न्यायाधीश चौथे, न सांगितलेले कारण स्वतःच शोधतो.

कामगाराचा वाद आधी समेट अधिकाऱ्यापुढे येतो. वाद उभा राहिल्यापासून २ वर्षांनंतर तो अधिकारी प्रकरण हाती घेऊ शकत नाही. समेट फसला तर त्याचा अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. समेटाच्या तारखांना कनिष्ठ कारकुनाला पाठवून पुढची तारीख घेणारे मालक एक चांगली संधी वाया घालवतात. निर्णयाचा अधिकार असलेला माणूस तिथे बसवा.

व्याख्येबाहेरचा कर्मचारी दिवाणी न्यायालयात जातो. खासगी नोकरीत तिथे सहसा नोकरी परत मिळत नाही, नुकसानभरपाई मिळू शकते, आणि मग नियुक्तिपत्राची भाषा मोलाची ठरते.

कैफियत लिहिताना एक वाक्य विसरू नका. अंतर्गत चौकशी सदोष ठरलीच, तर आरोप न्यायाधिकरणापुढे पुराव्याने सिद्ध करण्याची परवानगी मिळावी, ही विनंती सुरुवातीलाच घाला. चौकशी योग्य होती की नाही हा मुद्दा आधी ठरतो. तो विरुद्ध गेल्यावर ही मागणी पहिल्यांदा केली तर उशीर झाला असे म्हणायला सर्वोच्च न्यायालयाचे १९८३ चे शंभुनाथ गोयल प्रकरण समोरच्याच्या हातात असते.

साक्षीदार म्हणून एचआरप्रमुखाला उभे करण्याची सवय आहे. पण त्याला काय माहीत असते? फाइलमध्ये काय आहे एवढेच. ज्याने निर्णय घेतला तोच उभा राहिला पाहिजे, आणि तो नोकरी सोडून जाणार असेल तर जाण्याआधी त्याचे सविस्तर, सहीचे निवेदन घेऊन ठेवा. त्याला सहकार्याची आठवण राहील असे निरोपाचे दोन शब्दही बोला. रागावून गेलेला मॅनेजर समोरच्या बाजूचा उत्तम साक्षीदार होतो.

पैशांचा अंदाज आधीच मांडा. दीपाली सुरवसे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले की बडतर्फी बेकायदा ठरली तर पुनर्स्थापना (नोकरीवर परत घेणे) आणि मागील पगार हा सर्वसाधारण नियम आहे. कर्मचाऱ्याने आपण इतरत्र कमावत नव्हतो असे सांगितले की तो कमावत होता हे दाखवण्याची जबाबदारी मालकावर येते. म्हणजे प्रत्येक लांबलेली तारीख तुमच्या खात्यात एक पगार वाढवत असते. वकिलाला विचारायचा प्रश्न "जिंकू का?" हा नाही. "हरलो तर त्या दिवशी किती रक्कम असेल, आणि आज किती आहे?" हा विचारा.

तडजोड करायची तर

तडजोड समेट अधिकाऱ्यापुढे नोंदवलेली असेल तर तिला खासगी कागदापेक्षा जास्त वजन असते. रक्कम कोणत्या कोणत्या हक्कांपोटी आहे हे वेगवेगळे लिहा. ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधी हे तिचे आधीचेच हक्क आहेत, ते तुमच्या "उदारते"त मोजू नका. राजीनामा दबावाने लिहून घेऊ नका. दार लावून, फोन बाजूला ठेवायला लावून, तासाभरात घेतलेला राजीनामा हा पुढच्या खटल्याचा पहिला परिच्छेद असतो. तिला कागद घरी नेऊ द्या, स्वतःच्या वकिलाला दाखवू द्या.

नोकरी संपत असेल तर शेवटचे वेतन दोन कामकाजी दिवसांत द्यावे लागते. वेतन संहितेची ही मुदत राजीनाम्यालाही लागू आहे. आणि अनुभव प्रमाणपत्राचा मजकूर तडजोडीलाच जोडून घ्या, शब्द न् शब्द ठरवून. पुढचा मालक फोन करेल तेव्हा कोण बोलेल आणि काय बोलेल, तेही त्याच कागदावर लिहा. तो फोन विभागप्रमुखाकडे जाता कामा नये.